जुन्या कॅम्पर व्हॅनला दुसरा गिअरबॉक्स बसवायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची ट्रॅव्हलर, म्हणजे बजाज टेम्पोची व्हॅन, ९८ सालची. ऐरोलीला बिल्डिंगखाली उभी असते, आत दोन बेड, शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना आईने शिवलेले पडदे. तिचा गिअरबॉक्स गेला तेव्हा दुसरा मिळवून बसवेपर्यंत माझे जवळजवळ तीन महिने गेले आणि त्यातला अर्ध्याहून जास्त वेळ चुकीच्या मालामागे गेला. तेव्हापासून ओळखीपाळखीतले जुन्या गाडीवाले तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एकदाच इथे लिहून ठेवतोय.

गिअरबॉक्सच गेलाय हे नक्की कसं समजायचं?

आधी हेच बघा, कारण निम्म्या वेळा गुन्हेगार दुसराच असतो. गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल, क्लचवरून पाय काढलेला. आता घरघर येतेय आणि क्लच दाबला की ती बंद होते, तर इनपुट शाफ्टचं (इंजिनकडून बॉक्समध्ये येणारा) किंवा लेशाफ्टचं (बॉक्सच्या आतला जोडशाफ्ट) बेअरिंग गेलंय, म्हणजे बॉक्स उघडावा लागणार. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर बहुतेक रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं), त्याचं दुखणं वेगळं आणि स्वस्त. इंजिन बंद असताना सगळे गिअर मऊ पडतात पण चालू केलं की रिव्हर्स करकरतो, पहिला जाता जात नाही, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, क्लचचा मास्टर सिलिंडर (पेडलकडचा) आणि स्लेव्ह सिलिंडर (बॉक्सकडचा) बघा, गिअरबॉक्सला हात लावू नका.

चालत्या गाडीत घों घों येत असेल तर ती इंजिनच्या आरपीएमबरोबर बदलते की गाडीच्या स्पीडबरोबर, हे ऐका. साठच्या स्पीडला न्यूट्रल करून गाडी नुसती सोडली (मोकळ्या सपाट रस्त्यावर, उतारावर अजिबात नाही) आणि आवाज तसाच राहिला, तर प्रोपेलरचं (बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट) सेंटर बेअरिंग, क्रॉस (त्याचा सांधा) किंवा मागच्या एक्सलमधला क्राउन-पिनियन असू शकतो. अजून एक खूण म्हणजे ज्या गिअरचा रेशो (बॉक्सच्या मागच्या टोकाच्या एका फेरीला इंजिनच्या किती फेऱ्या) १:१ असतो, काही बॉक्समध्ये चौथा तर काहींत पाचवा, त्यात आवाज जवळजवळ जातो आणि बाकी सगळ्यांत येतो, तेव्हा लेशाफ्ट किंवा त्याची बेअरिंग संपलीत असं समजा, कारण डायरेक्ट गिअरमध्ये लेशाफ्टवर लोड येतच नाही.

गिअर उडत असेल, म्हणजे चढावर अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की दांडा आपोआप न्यूट्रलला येतो, तर बॉक्स उतरवायच्या आधी माउंटिंगचे रबर बघा. तुटलेल्या माउंटिंगमुळे अख्खा बॉक्स हलतो आणि दांडा ओढला जातो. आमच्या ओळखीच्या एका काकांनी बॉक्स खोलायला दिला होता आणि शेवटी निघालं काय, तर रबर फाटलेलं.

आणि तेल काढून बघा. मॅग्नेटवाल्या ड्रेन नटला काळी मऊ पेस्ट असणं नॉर्मल आहे. बोटाला टोचणारे तुकडे, दात्याचा कोपरा, पिवळ्या पितळेचे कण भरपूर, असं काही असेल तर मग शोध सुरू करा.

दुकानात मॉडेल आणि वर्ष सांगितलं की बरोबर गिअरबॉक्स देतील ना?

नाही. या अख्ख्या पानावरचं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा, की जुन्या गाडीचा खरा कॅटलॉग म्हणजे तिच्यातून उतरवलेला गिअरबॉक्स, आरसी बुक नव्हे.

कारण सांगतो. वीस-पंचवीस वर्षांची व्हॅन आपल्याकडे येईपर्यंत तिने काय काय बघितलेलं असतं, आधी स्कूल व्हॅन, मग कोणा कंपनीचा स्टाफ, मग लग्नाच्या वरातीची भाडी, आणि प्रत्येक मालकाने जे मिळालं ते बसवून गाडी रस्त्यावर ठेवलेली असते. आमच्या गाडीत आधीच्या कुठल्यातरी मालकाने बॉक्स बदललेला होता, मला त्याचा पत्ता नव्हता. मी विश्वासाने मॉडेल आणि साल सांगितलं, मिळालेला बॉक्स टेम्पोत टाकून आणला, बेल हाउसिंग (बॉक्सचं इंजिनला जोडणारं घंटेसारखं तोंड) बसलं, स्प्लाइन (इनपुट शाफ्टवरचे दाते) बसली, सगळे खूश, आणि मग प्रोपेलर लावायला गेलो तर चार बोटं अंतर कमी पडतंय आणि मागच्या फ्लॅंजची (प्रोपेलर जोडायची चकती) भोकंही जुळत नाहीत. दिवाळीत गुहागरला जायचं ठरलं होतं, आईने फराळाचे डबे भरून ठेवले होते, ती ट्रिप गेली. टेप घेऊन आधी दहा मिनिटं मोजलं असतं तर हे झालंच नसतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून आधी आपला बॉक्स खाली उतरवा, मोजा, फोटो काढा, आणि मग शोधायला बाहेर पडा. गाडी उघडी पडून राहते म्हणून लोक उलटं करतात, पण त्यानेच जास्त दिवस जातात.

मग नेमकं काय काय मोजायचं?

व्हर्निअर कॅलिपर पाहिजे, नसेल तर लेथवाल्याकडून तासभर मागून आणा. इंजिनकडच्या बाजूने सुरुवात करा. बेल हाउसिंगला किती बोल्ट, त्यांचं एकमेकांपासून अंतर, डॉवेल पिना (जागा पक्की करणाऱ्या खुंट्या) कुठे. हे कागदावर लिहिण्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे मोठा पुठ्ठा बेल हाउसिंगच्या तोंडावर ठेवायचा आणि कडेने हातोडीने हलकं ठोकत छाप घ्यायचा, भोकं पाडायची, आणि तो पुठ्ठाच बरोबर घेऊन फिरायचं. भंगारवाल्याकडे पुठ्ठा लावला की एका मिनिटात होय का नाही ते कळतं, वाद नाही.

मग इनपुट शाफ्ट. स्प्लाइनचे दाते मोजा (एका दात्यावर मार्करने खूण करून, नाहीतर हमखास एक चुकतो), बाहेरचा व्यास घ्या, आणि शाफ्टच्या टोकाला जो बारीक गुळगुळीत भाग असतो, जो फ्लायव्हीलच्या पायलट बेअरिंगमध्ये जातो, त्याचा व्यास आणि लांबी. लोक इथेच फसतात. दाते जुळले म्हणजे काम झालं असं वाटतं, पण टोक लांब असेल तर बोल्ट आवळताना ते आत टेकतं आणि एकतर हाउसिंगचा कान तुटतो किंवा बेअरिंग दाबलं जातं, आणि टोक आखूड असेल तर शाफ्टला आधारच नाही, मग थोड्या दिवसांत नवीन बॉक्समधूनही घरघर सुरू. टोक बारीक असलं तर लेथवर बुश करून घेता येतो. लांबीला मात्र जुगाड नाही. दाते जुळत नसतील पण बाकी सगळं जुळत असेल तर कधी कधी नवीन बॉक्सच्या दात्यांची क्लच प्लेट आपल्या प्रेशर प्लेटबरोबर चालते, अट एवढीच की प्लेटचा व्यास आणि जाडी तीच पाहिजे.

बेल हाउसिंगच्या तोंडापासून मागच्या फ्लॅंजपर्यंतची एकूण लांबी, माउंटिंगचे कान कुठे, फ्लॅंजच्या भोकांचं माप, दांडा बॉक्सच्या वर येतो की बाजूने लिंकेज आहे, की केबल. क्लचचा फोर्क डावीकडे की उजवीकडे. स्टार्टर कुठे बसतो. स्पीडोमीटरची केबल आहे की सेन्सर. रिव्हर्स लाइटचा स्विच. हे शेवटचे दोन छोटे वाटतात पण रात्री कॅम्पसाइटवर मागे घेताना लाइट नसेल तर कळतं.

लांबी थोडी कमी-जास्त असेल तर प्रोपेलर कापून किंवा जोडून मिळतो, पण ते काम प्रोपेलरवाल्याकडेच द्या, वेल्डिंगवाल्याकडे नाही. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे कान) एका रेषेत यावे लागतात आणि नंतर मशिनवर बॅलन्सिंग करावंच लागतं, नाहीतर सत्तरला अख्खी गाडी थरथरते आणि कपाटातली भांडी वाजतात.

बॉक्सवर नंबर आहे, तोच नंबर शोधला तर?

कुठला नंबर ते बघा. बॉडीवर ओतीव, उठावाचा जो नंबर असतो तो नुसत्या हाउसिंगच्या ओतकामाचा, आणि एकच हाउसिंग वेगवेगळ्या रेशोच्या बॉक्सना वापरलेलं असू शकतं. आपल्याला हवा तो ठोकून उमटवलेला नंबर किंवा रिव्हेट केलेली छोटी पट्टी. ती चिखल आणि तेलाच्या थराखाली असते, डिझेल आणि वायर ब्रश घेऊन साफ करा, उन्हात तिरका फोटो काढा. पट्टी नसेल तर परत मोजमापावर या.

ट्रॅव्हलरला ट्रॅक्सचा गिअरबॉक्स बसतो असं सगळे म्हणतात, खरं का?

म्हणण्यामागे कारण आहे. बजाज टेम्पोने (२००५ पासून फोर्स मोटर्स) १९८७ मध्ये ट्रॅव्हलर आणली ती मर्सिडीजच्या व्हॅनवरून, इंजिनही मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं, २.४ लिटरचं डिझेल, आणि त्याच घराण्याचं इंजिन त्याच कंपनीच्या जीपसारख्या ट्रॅक्समध्येही आलं. जी-१-१८ हा पाच गिअरचा बॉक्स दोन्हीकडे दिसतो. त्यामुळे शोधताना ट्रॅक्स कटिंगचा (मोडीत काढलेल्या गाड्यांचा) माल नक्की बघा, तो जास्त मिळतो.

पण नाव एक म्हणजे सगळं एक असं नाही. दांड्याची जागा, वरचं कव्हर, मागचा फ्लॅंज, स्पीडोचं गिअर, रेशो, यातलं काहीही वेगळं निघू शकतं. वरचं कव्हर आणि फ्लॅंज बऱ्याचदा आपल्या जुन्या बॉक्सचे काढून नव्यावर चढवता येतात, म्हणून जुना बॉक्स मोडीत देऊन पैसे कमी करून घ्यायची घाई करू नका. आधी नवीन बसू दे, गाडी फिरू दे.

माझी मॅटॅडॉर आहे / विंगर आहे, हेच लागू होतं का?

जुनी मॅटॅडॉर पुढच्या चाकांवर चालणारी, आणि २००७ ला आलेली टाटा विंगरही तशीच, ती रेनोच्या पहिल्या ट्रॅफिक व्हॅनवरून केलेली. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत डिफरन्शिअलही गिअरबॉक्सच्याच पोटात असतं. म्हणजे प्रोपेलरची कटकट नाही, पण ड्राइव्ह शाफ्टचे दाते, दोन्ही बाजूंची लांबी आणि आतल्या फायनल ड्राइव्हचा रेशो हे सगळं एकत्र जुळावं लागतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा बॉक्स इथे कितीही स्वस्त मिळाला तरी उपयोगाचा नाही. विंगरवाल्यांनी विंगरचाच शोधावा, अॅम्ब्युलन्सच्या कटिंगमध्ये येतो. मॅटॅडॉरवाल्यांनी माझं ऐकाल तर आहे तोच बॉक्स रिपेअर करावा, कारण चांगल्या अवस्थेतला दुसरा सापडेपर्यंत बेअरिंग बदलून आहे तो तयार होतो.

ओम्नीला इकोचा पाच गिअरवाला टाकता येईल का?

थेट नाही. ओम्नीचं ७९६ सीसी तीन सिलिंडरचं इंजिन आणि इकोचं १.२ लिटर चार सिलिंडरचं, बेल हाउसिंगपासूनच वेगळं. अॅडॅप्टर प्लेट करून देतो म्हणणारे भेटतात. छोट्या ओम्नीत त्यासाठी पैसे घालण्यापेक्षा तिचाच बॉक्स शोधा, ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती, माल भरपूर आहे.

रेशो वेगळा असला तर काय एवढं बिघडतं?

कॅम्परमध्ये बरंच बिघडतं. आपली गाडी रिकामी कधीच नसते. शंभर लिटर पाणी म्हणजेच शंभर किलो, वर बेडचं प्लायवूड, बॅटऱ्या, सिलिंडर, माणसं. तेव्हा पहिला गिअर जितका जड, म्हणजे त्याचा रेशो जितका मोठा, तितकं माळशेज किंवा कसाऱ्याला ट्रॅफिकमध्ये उभं राहून परत उचलताना क्लच वाचतो.

हिशोब करून दाखवतो, आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. टायर एका फेरीत २.१ मीटर जातो आणि मागच्या एक्सलचा रेशो ३.९ आहे असं धरा. पहिला गिअर ५ असेल तर १००० आरपीएमला गाडी ताशी साधारण साडेसहा किमीने सरकते. पहिला ४ असेल तर त्याच आरपीएमला आठने. दीड किमीचा फरक कागदावर काहीच वाटत नाही, पण घाटात रांगेत सरकताना तो फरक म्हणजे अर्धा क्लच धरून ठेवणं आणि जळका वास. दुसऱ्या टोकाला, टॉप गिअर १:१ असेल तर ८० च्या स्पीडला इंजिन सुमारे २४७५ वर फिरतं, आणि ०.८ चा ओव्हरड्राइव्ह (१ पेक्षा कमी रेशोचा टॉप) असेल तर १९८० वर. एक्सप्रेसवेवर ते छान, आवाज कमी, डिझेल कमी. पण जुनं इंजिन आणि भरलेली गाडी ०.८ मध्ये ओढतेच असं नाही, थोडा चढ आला की परत खाली यावं लागतं.

माझं मत विचाराल तर सह्याद्रीत फिरणाऱ्याने पहिल्या गिअरकडे बघून बॉक्स निवडावा, टॉपकडे बघून नाही.

समोर पडलेल्या बॉक्सचा रेशो काढायला कागदपत्र लागत नाही. गिअर टाका, मागच्या फ्लॅंजवर खडूची खूण करा, इनपुट शाफ्ट हाताने फिरवा आणि फ्लॅंजची बरोबर एक फेरी होईपर्यंत इनपुटच्या फेऱ्या मोजा. पाच फेऱ्या झाल्या तर रेशो ५. सगळ्या गिअरचे असेच काढून लिहून ठेवा आणि आपल्या जुन्या बॉक्सशी ताडून बघा.

ठाणे-नवी मुंबईत शोधायचं कुठे?

बरोबर गिअरबॉक्स सहज मिळत नाही, तो वास काढत शोधावा लागतो. शिळफाट्याच्या आसपास भंगारची गोडाऊन आहेत, कळंबोलीला ट्रकवाल्यांमुळे कमर्शिअल गाड्यांचा माल आणि तो ओळखणारी माणसं मिळतात, आणि ट्रेनने कुर्ल्याला उतरून सीएसटी रोडला चक्कर मारली तर सेकंडहॅंड पार्टची दुकानंच दुकानं. लेथ, बुश, शाफ्टचं काम वागळे इस्टेटला किंवा रबाळे-महापेच्या एमआयडीसीत करून मिळतं. फोर्सच्या गाड्यांसाठी पुण्याला एक फेरी वाया जात नाही, कंपनी आकुर्डीची असल्याने तिकडच्या मिस्त्र्यांच्या हाताखालून या गाड्या जास्त गेल्यात.

पण मला विचाराल तर सगळ्यात उपयोगी पडली ती माणसं म्हणजे स्कूल बस आणि कंपनीच्या स्टाफच्या गाड्या चालवणारे. त्यांच्या गाड्या रोज चालतात, कुठला मिस्त्री बॉक्स खरंच उघडून बांधतो आणि कोण नुसतं तेल बदलून देतो हे त्यांना बरोबर माहीत असतं. सकाळी मुलं सोडून झाल्यावर चहाच्या टपरीवर दहा मिनिटं मोकळी असतात, तेव्हा जा, नमस्कार करा, "दादा, बॉक्सचं काम कोण चांगलं करतं?" एवढंच विचारा. आमचा दुसरा, बरोबर बसलेला बॉक्स असाच सापडला.

सेकंडहॅंड बॉक्स घेताना काय तपासू?

इनपुट शाफ्ट धरून वर-खाली हलवा, थोडी लूज असते, पण खडखड नको. मागचा फ्लॅंज तसाच. सगळे गिअर टाकून एकेकात शाफ्ट फिरवा, फेरीत कुठे अडकत असेल तर दाता तुटलाय. दोन गिअर एकदम लागत नाहीत ना ते बघा. बेल हाउसिंगचे कान आणि माउंटिंगच्या जागा घासून बघा, वेल्डिंग केलेलं असेल तर नको, कारण ओतीव अॅल्युमिनियमचं वेल्डिंग झाल्यावर तोंड सपाट राहत नाही. वरचं कव्हर उघडून दाखवायला सांगा. चार बोल्ट उघडायला जो नाही म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका. आत टॉर्च मारून दात्यांच्या कडा बघा, सिंक्रोच्या (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) पितळी रिंगा बघा, सगळ्यात आधी दुसऱ्या गिअरची, कारण ती सगळ्यात जास्त खाल्ली जाते.

बिल घ्या, त्यावर ज्या गाडीतून निघाला तिची माहिती आणि बॉक्सचा नंबर लिहून घ्या. चोरीच्या गाडीच्या मालात अडकायचं नसेल तर याला पर्याय नाही. आणि न बसल्यास परत घेणार का, किती दिवसांत, हे तोंडी नको, त्याच बिलावर.

तेल पांढरं, ताकासारखं निघालं, स्वस्तात देतोय, घेऊ?

ते पाणी गेलेलं आहे. आपल्याकडे पावसाळ्यात बुडालेल्या गाड्या दरवर्षी कटिंगला येतात, २६ जुलै २००५ नंतर तर अख्ख्या रांगा आल्या होत्या. गिअरबॉक्सला वर ब्रीदर (हवा जायचं भोक) असतो, गाडी पाण्यात उभी राहिली की त्यातून पाणी आत जातं आणि मग काही महिने पडून राहिलं की बेअरिंगच्या गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात. हाताने फिरवताना ते कळत नाहीत, ऐंशीला कळतात. सगळी बेअरिंग बदलायची तयारी असेल आणि दात्यांवर गंज नसेल तरच घ्या.

रिपेअर करू की दुसरा आणू?

हाउसिंग फुटलेलं नाही, मेनशाफ्ट (मागे फ्लॅंजकडे जाणारा मुख्य शाफ्ट) आणि गिअरचे दाते शाबूत आहेत, फक्त बेअरिंग, सिंक्रो रिंग आणि सील गेलीत, तर रिपेअरच. आपला बॉक्स आपल्या गाडीला बसतो हे आधीच सिद्ध झालेलं असतं. लेशाफ्टचे दाते सोललेत, किंवा बेअरिंगने हाउसिंगचं घर खाल्लंय, तर दुसरा बघा. मधला मार्गही आहे, आमच्या मिस्त्रींनी तोच केला, दोन बॉक्स उघडून एक चांगला बांधला. फक्त गिअरच्या जोड्या फोडायच्या नाहीत, एकमेकांत फिरून घासलेली चाकं जोडीनेच ठेवायची, नाहीतर आवाज येणारच.

बसवताना बरोबर काय बदलून घ्यावं?

बॉक्स खाली आलाच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, इंजिनचं मागचं ऑइल सील. यासाठी परत बॉक्स उतरवणं म्हणजे तीच मजुरी दुसऱ्यांदा. प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हीलचं तोंड बघून ठरवा.

मिस्त्रींच्या शेजारी उभे राहणार असाल तर एकच गोष्ट बघा, बॉक्स चढवताना त्याचं वजन इनपुट शाफ्टवर लटकता कामा नये. अर्धा आत गेला, बोल्ट सापडत नाही, म्हणून तसाच सोडून चहाला गेले की क्लच प्लेटचा मधला हब वाकतो. मग क्लच नीट सुटत नाही आणि सगळे नवीन बॉक्सलाच नावं ठेवतात. गिअरबॉक्स जॅक असलेलं गॅरेज निवडा. घरी करणार असाल तर नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली झोपू नका, घोडी (पक्के स्टँड) लावा, चाकांना ठोकळे लावा.

तेल कुठलं?

मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय ते, आणि बॉक्स दुसऱ्या गाडीचा असेल तर त्या गाडीच्या मॅन्युअलमधलं. सगळ्यांना ९० नंबर (जाड गिअर ऑइल) चालतं असं म्हणतात ते खरं नाही, मर्सिडीज घराण्यातले कितीतरी मॅन्युअल बॉक्स पातळ एटीएफवर (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालायचे. पितळी सिंक्रो असतील आणि जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) सांगितलं असेल तर जीएल-५ भरू नका, त्यातली केमिकलं पितळेला खातात. गाडी सपाट जागी, लेव्हलच्या भोकातून तेल ओघळेपर्यंत भरायचं. पहिलं तेल हजारेक किमीनंतर काढा, नवीन बेअरिंग-रिंगांची भुकटी त्यात येते.

आरटीओला कळवावं लागतं का?

आरसीवर इंजिन नंबर आणि चासी नंबर असतो, गिअरबॉक्सचा नाही. त्याच प्रकारचा बॉक्स बदलणं ही दुरुस्ती झाली. पण त्या निमित्ताने इंजिनही दुसरं टाकणार असाल, तर मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगी आणि नोंद लागते, एमएच ०४ असो की एमएच ४३. आधी विचारा, मग इंजिन उतरवा. इन्शुरन्सचं म्हणाल तर साध्या पॉलिसीत झिजून गेलेल्या बॉक्सचे पैसे मिळत नाहीत, तिकडे वेळ घालवू नका.

बॉक्स गेलेली गाडी घाटातून घरी कशी आणू?

फ्लॅटबेडवर. तो मिळत नसेल आणि गाडी मागच्या चाकांवर चालणारी असेल तर ओढायच्या आधी प्रोपेलर सोडवा. इंजिन बंद असताना आतला लेशाफ्ट फिरत नाही, तेल वर उडत नाही, आणि मेनशाफ्ट मात्र चाकांबरोबर कोरडा फिरत राहतो, म्हणजे जे वाचलं होतं तेही जातं. प्रोपेलरचं पुढचं टोक बॉक्समध्ये सरकणारं असेल तर काढल्यावर तिथून तेल गळतं, प्लास्टिकची पिशवी आणि रबर बांधा.

नवीन बॉक्स बसला, टेस्ट कुठे घेऊ?

भरलेल्या गाडीने. रिकाम्या गाडीत सगळे बॉक्स चांगले वाटतात. आम्ही टाकी भरून, चार माणसं बसवून पहाटे मुंब्रा बायपासचा चढ घेतला, मग घोडबंदरला गायमुखचा. चढावर दुसऱ्यात ओढताना आणि उतारावर पाय काढून दुसऱ्यातच सोडताना, दोन्ही वेळा गिअर उडतो का बघायचं, कारण दात्यावरचा दाब दोन्हीकडे उलट असतो. परत आल्यावर गाडीखाली पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवा, सकाळी तेलाचे थेंब कुठे पडलेत त्यावरून कुठलं सील हे कळतं. आणि हात लावून बघा, बॉक्स गरम लागणारच, पण एकाच जागी चटका बसत असेल तर तिथलं बेअरिंग घट्ट बसलंय.

स्पीडोमीटरही जीपीएसशी ताडून बघा. केबलचं छोटं गिअर वेगळ्या दात्यांचं आलेलं असेल तर काटा खोटं सांगतो, जुन्या बॉक्समधलं काढून टाकलं की बहुतेक वेळा बरोबर होतं.

जुन्या बॉक्सचं काय करू, भंगारवाला मागतोय?

निदान सहा महिने देऊ नका. त्याचं वरचं कव्हर, फोर्क, फ्लॅंज, स्पीडोचं गिअर, सुटी चांगली चाकं, यातलं काय कधी लागेल सांगता येत नाही आणि दुकानात सुटं मिळत नाही. तेल काढून टाका, तोंडं कापडाने बंद करा, आणि ऑइल पेंटने हाउसिंगवर मोठ्या अक्षरात लिहा, कुठल्या गाडीचा, कधी उतरवला, काय गेलंय, प्रत्येक गिअरचा रेशो किती. आमचा जिन्याखाली गोणपाटात बांधून ठेवलाय. गेल्या पावसाळ्यात कळव्याचे एक काका त्यातला रिव्हर्सचा फोर्क घेऊन गेले, त्यांची गाडी महिनाभर त्याच एका तुकड्यासाठी उभी होती.